एका इंचाने हुकलेला पूल

ट्रेलरची भिंत दीड इंच जाडीची असते. फार फार तर पावणेदोन. बाहेरून नालीदार ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून जेमतेम एक सूत जाडीचं प्लायवूड, त्यावर चिकटवलेला छापील कागद आणि दोन्हींच्या मधे पिवळी ग्लासवूल. हे सगळं उभं ठेवणारी लाकडं स्प्रूसची, दीड बाय दीड इंचाची, दर सोळा इंचांवर एक. अमेरिकेत गाडीमागे जोडून न्यायची जी चाकांवरची घरं मिळतात, त्यांतली स्वस्त जात अशीच बांधतात. महागड्या जातीत ॲल्युमिनियमच्या नळ्या, थर्माकोल आणि फायबरग्लासचे तक्ते दाबून एकजीव चिकटवलेले असतात. दिसायला गुळगुळीत, वजनाला हलकी अशी ती भिंत. आमचा ट्रेलर पहिल्या जातीतला, चोवीस फुटी, सेकंडहँड. भिंत कापायची वेळ आली तेव्हा मला त्याचं बरं वाटलं. चिकटवलेल्या भिंतीत एकदा पाणी शिरलं की थर सुटतात, बाहेरून फुगवटे येतात आणि ते पुन्हा बसवणं घरच्या माणसाचं काम राहत नाही. पत्र्याची भिंत मात्र उघडून बघता येते, दुरुस्त करता येते आणि परत मिटवता येते.

कापायचं कारण होतं आई.

ती सांगलीहून उन्हाळ्यात आमच्याकडे येते. आम्ही मिशिगनमध्ये, कलामाझूजवळ राहतो. त्या वर्षी तिला घेऊन उत्तरेला गेलो होतो. मिशिगन राज्याचे दोन तुकडे आहेत, मधे सामुद्रधुनी, आणि त्यांना जोडणारा मॅकिनॉ पूल. १९५७ साली खुला झालेला हा पूल सुमारे आठ किलोमीटर लांब आहे आणि त्याचे दोन मनोरे पाण्यापासून ५५२ फूट उंच आहेत. पूल ओलांडला की सेंट इग्नस गाव लागतं. तिथल्या स्ट्रेट्स स्टेट पार्कमध्ये ट्रेलर लावायच्या काही जागांवरून तो समोर दिसतो. आम्हाला तशी जागा मिळाली होती. आई जेवणाच्या टेबलाशी बसली, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाली, "दोन टोकं दिसतायत रे आभाळात. पूल कुठाय?"

तिच्या जागेवर मी बसलो तर मला पूल दिसत होता. मग टेप काढली. आई बसल्यावर तिचे डोळे ट्रेलरच्या जमिनीपासून बेचाळीस इंचांवर येत होते. खिडकीची खालची कड त्रेचाळीस इंचांवर होती. एका इंचाने अख्खा पूल हुकत होता. उरत होते ते फक्त मनोऱ्यांचे शेंडे.

माझी नोकरी मोटारींच्या सीट करणाऱ्या कारखान्यातली आहे. आमच्याकडे सगळं बसणाऱ्या माणसापासून सुरू होतं. कंबरेखालचा, मांडीचा सांधा जिथे येतो तो बिंदू आधी धरतात; त्याला एच-पॉइंट म्हणतात. त्यावरून डोळ्यांची जागा निघते, आणि डोळ्यांवरून काच, आरसे, डॅशबोर्डची उंची. एकाच माणसाचे डोळे धरून चालत नाही. बुटक्या बाईपासून उंच पुरुषापर्यंत सगळ्यांचे डोळे ज्या लंबगोलात मावतील, तो लंबगोल नकाशावर काढून मगच काचेची कड आखतात. इतकी वर्षं दिवसभर हे करून संध्याकाळी मी त्या ट्रेलरमध्ये बसत होतो आणि कधी ती खिडकी मोजली नव्हती, कारण मला स्वतःला दिसत होतं.

ही खिडकी इतकी उंचावर आणि इतकी छोटी का, ते मला शेजाऱ्यांनी सांगितलं. ते निवृत्त आहेत आणि त्यांची उमेदीची वर्षं एल्कहार्टच्या कारखान्यात खिडक्या बसवण्यात गेली. एल्कहार्ट हे इंडियाना राज्यातलं गाव, आमच्यापासून तासाभरावर. उत्तर अमेरिकेत बनणाऱ्या अशा दहा गाड्यांपैकी आठ तरी याच परगण्यात आणि आसपास बनतात. पूर्वी हे गाव बँडच्या वाद्यांसाठी ओळखलं जायचं. १९३० च्या दशकात ट्रेलर बांधायला सुरुवात झाली आणि मग तोच गावाचा धंदा झाला. धंदा मोठा लहरी. लोकांच्या खिशात वरकड पैसा असेल तरच ट्रेलर विकला जातो. २००८-०९ च्या मंदीत इथली बेकारी इतकी वाढली की नुकतेच निवडून आलेले ओबामा फेब्रुवारी २००९ मध्ये इथे येऊन सभा घेऊन गेले. कामगारांत आमिश पंथाचे लोक पुष्कळ. घरी मोटार न ठेवणारी ही माणसं पहाटे कारखान्यात येतात, मोटारीमागे ओढायची घरं बांधतात आणि दुपारी शेतावर परततात. पगार बहुतेक ठिकाणी नगावर. त्यामुळे वेग हाच धर्म.

शेजाऱ्यांचं म्हणणं असं की खिडकी कुठे यावी हे ट्रेलरमध्ये बसून कोणी ठरवत नाही. भिंत मोठ्या टेबलावर आडवी बांधतात, हवेच्या गनने स्टेपल मारत. सोळा इंचांवर लाकडं, म्हणजे दोन खणांमधलं एक लाकूड गाळलं की मोकळी जागा साडेतीस इंच. म्हणून खिडकी तीस इंची. उंची चौदा इंच, कारण तीच खिडकी ओट्यावरही बसते. ओटा छत्तीस इंचांचा, त्यावर नळ, त्यावर खिडकी. मग बाहेरून सगळ्या खिडक्या एका रेषेत दिसाव्यात म्हणून टेबलापाशीही तीच उंची. ऐकताना मला राग येत होता आणि पटतही होतं. नगावर मजुरी घेणाऱ्याच्या हाती एकाच मापाची खिडकी देणं यात कारखान्याचं शहाणपण आहे. फक्त ते शहाणपण भांडी घासायला उभ्या असलेल्या माणसासाठी आहे, बसून चहा पिणाऱ्या बाईसाठी नाही.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत माडीवरच्या खिडक्या किती खाली असत, ते आठवतं का? जमिनीपासून हातभर. बैठक जमिनीवर, म्हणून खिडकीही जमिनीलगत. लोडाला टेकलेल्या माणसाला रस्ता दिसला पाहिजे. त्या सुतारांनी एच-पॉइंट हा शब्द ऐकला नव्हता. टेबल-खुर्च्या आल्यावर त्याच खिडक्या लोकांना गैरसोयीच्या वाटू लागल्या.

तर नवी खिडकी किती मोठी घ्यायची? खाली जायला एक मर्यादा होती. जेवणाचं टेबल एका बाजूला पायावर आणि दुसऱ्या बाजूला भिंतीतल्या पट्टीवर टेकलेलं असतं. टेबलाची पाठ तीस इंचांवर, म्हणून खिडकीची खालची कड तेहेतीस. वरची कड जिथे होती तिथेच ठेवायची, कारण तिच्यावर भिंतीला टांगलेली कपाटं आहेत. म्हणजे उंची चोवीस इंच. बायकोचा आग्रह रुंदीसाठीही होता: "एवढी भिंत फोडणारच आहेस तर टेबलाच्या दोन्ही बाकांवरून दिसू दे." दोन खण खुले होते, तिसरा उघडला तर मधली जागा साडेशेहेचाळीस इंच. मी आतल्या भिंतीवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवून त्या मापाचा चौकोन केला आणि आईला दोन्ही बाकांवर बसवलं. तिने कागदावरची एक जाहिरात वाचली आणि "इथून बरोबर" एवढंच म्हणाली.

चारशे वीस चौरस इंचांच्या जागी अकराशे चार. अडीच पटीहून जास्त.

घरांच्या खिडक्या कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि स्वस्तही पडतात. अनेक जण त्याच बसवतात. मला ते पटत नाही. घराची खिडकी स्थिर भिंतीसाठी केलेली असते. तिची दुहेरी काच जड, आणि ती चार इंची भिंत गृहीत धरते. शिवाय तिची काच टफन्ड असेलच असं नाही. ट्रेलरची खिडकी बनवतानाच धक्क्यांचा हिशोब धरलेला असतो आणि काचेच्या कोपऱ्यात सुरक्षित काचेचा शिक्का असतो. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही. कापायला गेलं की तिचा चुरा होतो. म्हणून इथे भोकाच्या मापाची काच करून घेण्यापेक्षा मिळालेल्या खिडकीच्या मापाचं भोक करणं सोपं. एल्कहार्टच्या आसपास कारखान्यांचा उरलेला माल विकणारी गोदामं आहेत. रद्द झालेल्या ऑर्डरी, बंद झालेली मॉडेलं, रंग चुकलेल्या चौकटी. खिडक्या भिंतीला टेकवून रांगेने उभ्या, प्रत्येकीवर खडूने माप. त्यांत शेहेचाळीस बाय चोवीसची एक मिळाली, अर्धी सरकणारी, आत जाळी, काळी चौकट. शेजारी सोबत होते. त्यांनी आधी काच पाहिलीच नाही. आतल्या कड्याची खोली मोजली.

त्याला कारण आहे. ट्रेलरची खिडकी दोन भागांची असते. बाहेरून चौकट येते, तिची पट्टी पत्र्यावर बसते. आतून एक कडं येतं आणि स्क्रूंनी चौकटीला ओढून धरतं. मधे भिंत दाबली जाते. खिडकीला भिंतीत एकही खिळा नसतो. ती नुसती पकडून राहते. म्हणून कड्याची खोली भिंतीच्या जाडीशी जुळावी लागते. भिंत जाड निघाली तर स्क्रू पोचत नाहीत. पातळ निघाली तर स्क्रू तळाला लागून थांबतात आणि खिडकी ढिली राहते.

कापण्याआधी वीज. ट्रेलरमध्ये दोन विजा असतात: बाहेरून जोडणी केली की ११० ते १२० व्होल्टची, आणि बॅटरीची १२ व्होल्टची. बाहेरची वायर काढली तरी दुसरी चालूच असते, हे कित्येकांच्या लक्षात येत नाही. टेबलाखाली प्लगचा एक सॉकेट होता आणि वरच्या कपाटाखाली दिवा. दोघांच्या तारा आपल्या खणांतून जाणार हे उघड होतं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, टेस्टरने खात्री केली आणि मग जुन्या खिडकीला हात घातला.

आतलं कडं सुटलं तरी खिडकी निघेना. बाहेर कोणीतरी, म्हणजे आमच्या आधीच्या मालकाने, तिच्या चारी बाजूंनी सिलिकॉनचा जाड थर फासला होता. दिसायला मोठी काळजी घेतलेली. पण सरकत्या खिडकीच्या खालच्या चौकटीत बारीक फटी असतात. खोबणीत पावसाचं पाणी येणारच, हे गृहीत धरून ते बाहेर काढून देण्यासाठी त्या ठेवलेल्या असतात. त्यांवरही सिलिकॉन होतं. बाहेर जायची वाट बुजल्यावर पाणी आत गेलं. चौकट काढली तर डाव्या कोपऱ्याखालचं आडवं लाकूड काळं पडलेलं आणि टोच्या लोण्यात जावा तसा आत गेला. खालच्या उभ्या लाकडाचा फूटभर भागही गेलेला. वरून कागद शाबूत, प्लायवूडवर फक्त एक फिकट डाग. गळती रोखण्यासाठी केलेल्या कामानेच ती आत वळवली होती, आणि खिडकी मोठी करायचं ठरलं नसतं तर अजून काही वर्षं कोणाला कळलं नसतं.

आतलं प्लायवूड कापून बाजूला केलं. मागच्या बाजूला कारखान्यातल्या कोणाच्या तरी हातचे पेन्सिलीचे आकडे होते, घाईने लिहिलेले, आणि एक आकडा खोडून दुसरा. ग्लासवूल एका खणात खाली घसरून बसलेली, वरचा वीतभर भाग रिकामाच. तारा लाकडांतल्या भोकांतून आरपार गेलेल्या. हे बघून शेजारी हसले. "एका खिडकीला मिनिटं किती मिळायची ते मी सांगत नाही," एवढंच म्हणाले.

आता भिंतीतल्या लाकडांचा प्रश्न. तिसरा खण उघडायचा म्हणजे एक उभं लाकूड तोडायचं. घरात असं करायचं तर खिडकीवर लिंटेल घालतात, कारण वरचं वजन दोन्ही बाजूंना वाटून द्यावं लागतं. ट्रेलरच्या छताचं वजन घराच्या मानाने नगण्य. पण मिशिगनचा बर्फ छतावर बसतो आणि भिंतीला टांगलेली ताटा-वाट्यांची कपाटं आहेत. शिवाय ट्रेलरला एक असा भार असतो जो घराला नसतो. रस्ता. हायवेवरचे खड्डे आणि पुलांचे सांधे ही भिंत तासन्‌तास पाखडत असतात. वजन वरून खाली येतं हे गणित इथे अपुरं पडतं. भिंत पिळली जाते, एक कोपरा वर, दुसरा खाली. म्हणून छताला आतून जमिनीपासून तात्पुरते टेकू दिले, उभं लाकूड तोडलं आणि त्या जागी दीड बाय साडेतीन इंचाची आडवी तुळई घातली, उभी कड वर करून. तिची जाडी दीड इंच असल्याने ती भिंतीत अचूक मावते, आणि साडेतीन इंच खोलीमुळे वाकत नाही. दोन्ही टोकांना लोखंडी कोन, सरस आणि स्क्रू. स्टेपल एकही नाही. वरच्या कपाटांचे स्क्रूही आता याच तुळईत गेले आहेत. पूर्वी त्यांतले दोन नुसत्या प्लायवूडमध्ये होते.

कुजलेलं लाकूड काढून नवं घातलं, तारा खाली वळवल्या, रिकाम्या भागात ग्लासवूल भरली.

पत्रा कापणं हे काम सगळ्यांना घाबरवणारं वाटतं, मला तसं वाटलं नाही. कंटाळवाणं मात्र आहे. आतून चारी कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडायची म्हणजे बाहेरून माप कळतं. मग बाहेर कागदी टेप चिकटवायची, म्हणजे जिगसॉचा तळ पत्र्यावर ओरखडे काढत नाही. ब्लेड लोखंड कापायचं, बारीक दातांचं. पत्रा नालीदार असल्याने जिगसॉ उड्या मारतो, म्हणून हळू. कोपरे मात्र गोल. त्यासाठी वेगळी गोल करवत. काटकोनातला कोपरा हा पत्र्याचा शत्रू. ताण तिथे एकवटतो आणि पिळल्या जाणाऱ्या पत्र्यात चीर तिथूनच निघते. १९५४ मध्ये ब्रिटनची कॉमेट विमानं हवेत मोडली, तेव्हाच्या चौकशीत धातू थकून पडलेल्या चिरा विमानाच्या पत्र्यातल्या खिडकीवजा भोकांच्या कोपऱ्यांशीच सापडल्या होत्या. आमचा ट्रेलर उडत नाही, पण पिळला जातो.

आई या सगळ्या वेळात अंगणातल्या खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. पत्र्याचा तुकडा सुटून खाली आला तेव्हा ती उठून आली, त्या भोकातून आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "एवढं मोठं केलंयस, पावसाळ्यात गळणार नाही ना?"

हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर काचेत नाही, टेपमध्ये आहे. चौकट आणि पत्रा यांच्यामधे ब्युटाइलची टेप घालतात. काळी किंवा करडी, चिकट, कणकेच्या घट्टपणाची. ती कधी वाळत नाही, म्हणून पत्रा हलला तरी ती त्याच्याबरोबर हलते. स्वस्तात मिळते ती पुट्टीची टेप काही वर्षांत कोरडी पडून तडकते. सिलिकॉन एकदा वाळलं की एका बाजूने सुटतं, आणि पुढच्या दुरुस्तीत ते खरवडून काढताना जीव जातो. त्याच्या खुणांवर दुसरं काही नीट चिकटत नाही. मी आधीच्या मालकाचं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडण्यात जितका वेळ घालवला, तितका बाकी कुठल्याही कामात गेला नाही. नालीदार पत्र्याची आणखी एक अडचण असते. चौकटीची पट्टी सपाट, पत्रा खाली-वर. सपाट पट्टी फक्त उंचवट्यांना टेकते. म्हणून आधी प्रत्येक नालीत टेपचा एकेक तुकडा दाबून ती भरून काढायची, मग सगळीकडून अखंड टेप. तिचा सांधा खालच्या बाजूला घ्यायचा. वर घेतला तर पाणी थेट त्यावरच येतं.

त्याआधी कापलेल्या लाकडांच्या कडांवर पाणी अडवणारी टेप लावली होती. कारखान्यात हे करत नाहीत.

खिडकी उचलायला दोघे लागतात. काच पावणेसहा किलोच्या आसपास, चौकट वेगळी. शेजारी बाहेरून, मी आतून. कडं बसवलं आणि स्क्रू आळीपाळीने समोरासमोरचे घट्ट केले. एका कडेने सुरुवात केली तर चौकट तिरकी बसते. हाताने, ड्रिलने नाही. पिळलं की टेप दबून काळा गोट बाहेर येतो. दिवस गरम होता, टेप मऊ होती, तरी ती हळूहळूच दबत गेली. काही दिवसांनी तेच स्क्रू पुन्हा थोडे फिरले. तेव्हाच बाहेर आलेली टेप कापून काढली आणि वरच्या व बाजूच्या कडांना सीलंटची बारीक रेघ दिली. खालची कड मोकळी. पाणी कुठून का होईना आत आलंच, तर त्याला जायला वाट हवी. आईने हे पाहिलं आणि तिला वाटलं मी विसरलो.

"खालचं राहिलं रे."

"ते मुद्दाम सोडलंय, आई."

"असं कसं मुद्दाम?" तिने मान हलवली. मग नळाची नळी घेऊन आम्ही खिडकीवर पाणी मारलं, तळापासून सुरू करून हळूहळू वर. वरून सुरू केलं तर सगळीकडे एकदम पाणी होतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. आत टॉर्च घेऊन आई बसली होती, तपासनीस म्हणून. एक थेंब आला नाही. बाहेरच्या फटींतून खोबणीतलं पाणी सरसरत निघालं, तेव्हा तिला खालची मोकळी कड पटली.

एका खिडकीला मात्र हात लावायचा नाही, असं शेजाऱ्यांनी बजावून ठेवलं होतं. पलंगाजवळच्या खिडकीला लाल दांड्या असतात. त्या सोडवल्या की अख्खी खिडकी बाहेर ढकलून उघडते. दार अडलं, आग लागली, तर तीच बाहेर पडायची वाट. तिच्याऐवजी सुंदर मोठी सरकती खिडकी बसवलेले ट्रेलर त्यांनी पाहिले आहेत आणि त्या मालकांबद्दल ते जे बोलले ते इथे लिहिता येण्यासारखं नाही.

पहिल्या मोठ्या प्रवासाआधी चौकटीच्या कोपऱ्यांपाशी पत्र्यावर पेन्सिलीच्या बारीक खुणा केल्या होत्या. उतरल्यावर बघायचं, चौकट खुणेवरून सरकली का. मिशिगनचे रस्ते हिवाळ्यानंतर कसे होतात ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. गोठणं-वितळणं डांबर उखडून टाकतं. खुणा जागच्या जागी राहिल्या. स्क्रू किंचित ढिले झाले होते, तेवढे परत घट्ट केले.

मोठ्या काचेची किंमतही द्यावी लागली. एकेरी काच थंडी अडवत नाही. सप्टेंबरच्या शेवटी उत्तरेत रात्री थंडी पडते. गॅसवर चहा ठेवला, भात शिजला, माणसं श्वास घेत राहिली की ती सगळी वाफ काचेवर येऊन बसते आणि सकाळी खालच्या पट्टीवर पाण्याची ओळ असते. गॅस जळतानाही पाणीच तयार होतं, हे शाळेतलं रसायनशास्त्र ट्रेलरमध्ये रोज आठवतं. छतातली झडप थोडी उघडी ठेवायची आणि सकाळी फडक्याने पुसायचं. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हासाठी त्या बाजूची ताडपत्री उघडते, म्हणून तो त्रास कमी. थंडीबद्दल मात्र तक्रार मान्य. जुन्या छोट्या खिडकीचं एवढं तरी समर्थन करायला हवं: कारखान्याने ती आळसापोटी छोटी केली असेल, पण छोट्या खिडकीत माणूस गारठत नाही.

त्यानंतर पुन्हा सेंट इग्नसला गेलो. आईने मनोऱ्यांकडे पाहिलंच नाही. ती पुलावरून जाणारे ट्रक मोजत होती, आणि जोराच्या वाऱ्यात उंच गाड्यांना पुलावर सोबत गाडी देऊन कसं नेतात ते मी सांगत होतो, तर म्हणाली, "गप बस जरा, चुकतं मोजायला."

बायकोला काळजी वेगळीच होती. मोठी खिडकी दोन्ही बाजूंनी मोठी असते. संध्याकाळी आतला दिवा लागला की समोरून फिरायला जाणाऱ्यांना आमचं ताट, आमचं पिठलं, आमची भांडणं, सगळं दिसायचं. आईचं त्याला काही नव्हतं. ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करायची, आणि एक बाई तर वास कसला येतोय विचारायला दाराशी आली आणि भाकरी घेऊन गेली. शेहेचाळीस इंची घडीचे पडदे तयार मिळत नाहीत, ते मागवावे लागतात. ते येईपर्यंत आईने आपली एक जुनी सुती साडी दिली. कापायची नाही ही अट. ती तशीच दुमडून दांडीवर घातली. पडदे आले तेव्हा आई परत सांगलीला गेली होती. मी खोकं उघडलं, तर बायको साडीकडे बघून म्हणाली, "हे परत पाठव." परत करायची मुदत संपली होती.